मनालीला ताईकडे, हिवाळ्याच्या सुट्टीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी थोरली बहीण लग्न होऊन कुल्लू खोऱ्यात गेली, त्याला आता चौदा वर्षं झाली. मनालीपासून पाच-सहा किलोमीटरवर, जगतसुखच्या बाजूला तिचं सासर. सफरचंदाची बाग, दोन गाई, सासू-सासरे, दोन मुलं. आम्ही साताऱ्याहून बहुतेक हिवाळ्यांत तिच्याकडे जातो, कधी आईला घेऊन, कधी भाचरांना घेऊन. कुणाची मुलगी तिकडे नांदते, कुणाचा भाऊ नोकरीनिमित्त सहकुटुंब तिकडे राहतो, अशी माणसं मला फोन करून तेच तेच विचारतात. म्हणून इथे एकदा सविस्तर लिहिते. हॉटेलात उतरणाऱ्यांना यातलं थोडंच उपयोगी पडेल. हे घरी उतरणाऱ्यांसाठी आहे.

बर्फ नक्की कधी पडतो? नाताळच्या सुट्टीत मिळेल का?

खात्री कुणीच देऊ शकत नाही. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे वादळी हवेचे पट्टे, हिमालयाला धडकले की बर्फ पडतो, आणि ते येणार हे जेमतेम चार-पाच दिवस आधी कळतं. डिसेंबरात वरची शिखरं पांढरी दिसतात, पण गावात बऱ्याचदा सकाळी नुसतं गोठलेलं दवच असतं. अंगणात बर्फ हवा असेल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा त्यातल्या त्यात भरवशाचा काळ. तोही दरवर्षी साथ देतो असं नाही. २०२४ चा जानेवारी जवळजवळ कोरडा गेला आणि महिना संपता संपता बर्फ आला. आम्ही त्याच्या आधीच परतीच्या गाडीत बसलो होतो. ताईने पांढऱ्या अंगणाचा फोटो पाठवला तेव्हा आम्ही साताऱ्यात पंखा लावून बसलो होतो.

तिकडे बर्फाला ह्यूँ म्हणतात. आपल्या ‘हिंव’ आणि ‘हिवाळा’ या शब्दांचंच हे भावंड. मला हा शब्द कळला त्या दिवशी ताईचं सासर एकदम जवळचं वाटलं होतं.

उंची किती आहे? विरळ हवेचा त्रास होतो का?

मनाली साधारण २,०५० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे मनालीचा बाजारच आपल्या सर्वांत उंच शिखरापेक्षा चारशे मीटर वर. तरीही या उंचीवर सहसा कुणाला विरळ हवेचा त्रास होत नाही. पहिल्या दिवशी जिना चढताना थोडी धाप लागते, इतकंच. अटल बोगद्यापलीकडे लाहौलमध्ये सिस्सूला गेलात तर उंची ३,००० मीटरच्या वर जाते. तिथे आल्या आल्या पळापळ करू नये.

जायचं कसं?

दिल्ली किंवा चंदीगडपर्यंत रेल्वेने वा विमानाने, आणि पुढे रस्त्याने. चंदीगड ते मनाली सुमारे ३०० किलोमीटर, दिल्लीहून सुमारे ५३०. दिल्लीच्या काश्मीरी गेटवरून रात्रीच्या बस सुटतात. कोकणातल्या लोकांना मडगाव-चंदीगड संपर्क क्रांती सोयीची पडते. मनालीपासून ५० किलोमीटरवर भुंतरला विमानतळ आहे, पण तिथे छोटी विमानं उतरतात आणि हवा बिघडली की फेरी रद्द होते. त्यामुळे त्याच्या भरवशावर पुढचे बेत रचू नका. डिसेंबर-जानेवारीत पंजाब-हरियाणात दाट धुकं असतं आणि गाड्या कित्येक तास उशिरा धावतात. परतीच्या वाटेवर दिल्लीत एक मोकळा दिवस ठेवाच. तो दिवस वाया गेला असं मला कधीच वाटलं नाही.

नातेवाइकांकडे किती दिवस राहावं? आपण त्यांना जड होत नाही ना?

हा प्रश्न लोक सर्वांत शेवटी आणि हळू आवाजात विचारतात. मला मात्र तो पहिला वाटतो.

हिवाळ्यात त्या घरात काम कमी असतं असं आपण समजतो. शेतात कमी असतं हे खरं. पण घर चालवायला उन्हाळ्याच्या दुप्पट कष्ट लागतात. पाणी तापवायचं, लाकडं आत आणायची, गाईंना साठवलेलं वाळकं गवत घालायचं, छपरावरचा आणि वाटेवरचा बर्फ फावड्याने ओढायचा, ओले कपडे शेकोटीभोवती फिरवून फिरवून वाळवायचे. त्यात चार पाहुणे आले की चार जणांच्या आंघोळीचं पाणी आणि चार जणांचे ओले मोजे वाढले.

म्हणून माझं मत असं: तीन दिवसांत धावत येऊन जाण्यापेक्षा आठ-दहा दिवस राहावं आणि घरातलं एक काम आपल्याकडे घ्यावं. पहिले दोन दिवस यजमान तुम्हाला उठू देणार नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी न विचारता लाकडं आत आणा. माझा नवरा लाकडांचं बघतो, मी भांड्यांचं आणि संध्याकाळच्या पोळ्यांचं. ताईच्या सासूबाईंनी तिसऱ्या वर्षी मला गोठ्याची किल्ली दिली. त्या दिवसापासून आम्ही पाहुणे राहिलो नाही.

पैसे देऊ नका, कुणी घेणार नाही आणि वाईट वाटेल. त्याऐवजी येतानाच मनालीच्या बाजारातून डाळ, तांदूळ, तेल, साखर घेऊन घरी जा. शक्य असेल तर दाजींना, म्हणजे घरातल्या कर्त्या माणसाला, आधी फोन करून लाकडाचा एक फेरा आपल्या नावावर मागवायला सांगा. त्याचा उपयोग तुम्ही गेल्यावरही होतो.

घरात हीटर असतो ना?

एखादा असतो, पण घर चालतं ते तंदूरवर. तंदूर म्हटलं की आपल्याला रोटीची भट्टी आठवते. कुल्लू-मनालीत तंदूर म्हणजे खोलीच्या मध्यावर ठेवलेली लोखंडी शेगडी. तिचा पाइप भिंतीतून किंवा छतातून बाहेर जातो, आत लाकूड जळतं आणि माथ्यावर सतत किटली असते. सफरचंदाच्या छाटलेल्या फांद्या त्यासाठीच जपून ठेवतात. थंडी सुरू होण्याआधी लाकडाची थप्पी रचली जाते आणि ती मार्चपर्यंत कशी पुरवायची याचा हिशेब घरातल्या मोठ्या बाईच्या डोक्यात पक्का असतो. न विचारता ओंडके टाकत राहू नका.

याचा अर्थ असा की घरात गरम खोली एकच. सगळं तिथेच होतं. जेवण, अभ्यास, विणकाम, फोनवर बोलणं, रुसवे-फुगवे. आपल्याकडे सुट्टीत माणसं चार खोल्यांत चार पडद्यांसमोर बसतात. इथे सात-आठ माणसं रोज सहा तास एकमेकांसमोर असतात. माझ्या मुलाला आजोबांच्या, म्हणजे ताईच्या सासऱ्यांच्या, लहानपणीच्या हिवाळ्याच्या गोष्टी पाठ झाल्या त्या याच खोलीत. वेगळी खोली, एकांत आणि खोलीभर हीटर हवाच असेल तर हॉटेलात राहा आणि दिवसा भेटायला जा. त्यात गैर काही नाही. पण ते आधी ठरवा, तिथे जाऊन नाराज होऊ नका.

ताईच्या सासऱ्यांचं जुनं घर काठकुणी पद्धतीचं आहे: देवदाराच्या तुळया आणि दगड यांचे आलटून पालटून थर, खाली गोठा, वर माणसं. गाईंची ऊब लाकडी जमिनीतून वर येते. नव्या सिमेंटच्या खोलीपेक्षा ते घर कितीतरी उबदार आहे, हे मी दोन्हीकडे झोपून सांगते.

कोळशाची शेगडी खोलीत घेऊन झोपलं तर चालेल का?

नाही. कुणीही कितीही आग्रह केला तरी नाही. बंद खोलीत जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. तंदूरचा धूर पाइपातून बाहेर जातो म्हणून तो वेगळा. तरीही झोपण्याआधी तो विझत आला आहे ना आणि खिडकीची फट उघडी आहे ना, हे बघायचं. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरलाही हेच लागू. आंघोळ आटोपशीर करा, झरोका उघडा ठेवा. रात्रीसाठी गरम पाण्याची पिशवी आणि जड रजई पुरते.

पाण्याचं आणि आंघोळीचं काय?

रात्री नळ किंचित सुरू ठेवलेला दिसेल, बारीक धार पडत असेल. तो बंद करू नका! वाहतं पाणी गोठत नाही म्हणून तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. पहिल्या वर्षी मी झोपायला जाताना पाणी वाया जातंय म्हणून तो घट्ट बंद केला. दुष्काळी भागात आजोळ असलेल्या माणसाचा हात आपोआप तिकडे जातोच. सकाळी पाइप गोठून फुटला होता. दाजी एक शब्द बोलले नाहीत, दोन दिवस झऱ्यावरून कॅन भरून आणत राहिले. मला आजही त्याची रुखरुख आहे.

आंघोळ दुपारी, ऊन असताना करावी, आणि रोज नाही केली तरी चालतं. बऱ्याच घरांत हमाम असतो. आपल्या जुन्या वाड्यांतल्या तांब्याच्या बंबासारखाच, मधल्या नळकांड्यात विस्तव आणि भोवती पाणी. माझ्या आईने तो पाहिला आणि तिला तिचं माहेर आठवलं.

मनालीजवळच्या वशिष्ठ गावात गरम पाण्याची कुंडं आहेत. गावातली माणसंही तिथे जातात. आईच्या गुडघ्यांना त्याने फार बरं वाटलं.

कपडे कोणते न्यावे?

एक जाड कोट घेण्यापेक्षा तीन-चार पातळ थर बरे: आत थर्मल, मग लोकरी, वर वारा आणि ओल अडवणारं. सर्वांत महत्त्वाचे पाय. लोकरीचे मोजे माणशी निदान चार जोड, आणि खोल खाचांचा तळवा असलेले बूट. गुळगुळीत तळव्याचे शहरी बूट गोठलेल्या वाटेवर क्षणात दगा देतात. बर्फात गावकरी सरळ गमबूट घालतात, मनालीच्या बाजारात ते मिळतात. सोलंग खोऱ्याच्या वाटेवर कोट आणि बूट भाड्याने मिळतात. एका दिवसापुरतं ते ठीक आहे, विकत घेण्याची गरज नाही.

घरात पूला मिळाल्या तर जरूर घाला. भांगेच्या झाडाच्या तंतूंपासून विणलेली ही पादत्राणं. देवळात चामडं चालत नाही म्हणून ती वापरतात, आणि लाकडी जमिनीवर पाय ऊबदार राहतात.

खोबरेल तेल नेऊ नका. ते २४ अंशांखालीच थिजतं, तिथे त्याचा दगड होतो. ओठांना आणि टाचांना लावायला व्हॅसलीन किंवा तूप बरं.

भेट म्हणून काय न्यावं?

डिंकाचे लाडू, तिळगूळ, कोकम, भाकरवडी, कांदा-लसूण मसाला. आमच्याकडचा कांदा-लसूण मसाला आता त्यांच्या राजम्यात पडतो आणि तो संपला की मला फोन येतो. सुकं खोबरं आणि शेंडीचे नारळही न्या. तिकडे नारळ लांबून येतो आणि देवाला लागतो.

तिथे जेवायला काय असतं? आपण काही करून घालू शकतो का?

सिड्डू! आंबवलेल्या कणकेच्या उंड्यात अक्रोड आणि खसखशीचं सारण भरून तो वाफवायचा आणि गरम असताना चिरून त्यात तुपाची धार सोडायची. आपल्या उकडीच्या मोदकाइतकीच त्याची घरोघरी वेगळी पद्धत आणि वेगळा अभिमान. थंडीत दोन खाल्ले की रात्रीची भूक उरत नाही. चिलडे हे घावनासारखे, पातळ आणि मऊ. राजमा-भात तर बहुतेक रोजचाच.

आपलं करून घालायचं असेल तर जरूर घाला, फक्त तिथलं हवामान लक्षात ठेवा. त्या उंचीवर पाणी साधारण ९३ अंशांनाच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजता शिजत नाही, आणि कुकरलाही दोन शिट्ट्या जास्त द्याव्या लागतात. इडलीचं पीठ स्वयंपाकघरात ठेवलं तर दोन दिवस फुगणार नाही. घोंगडीत गुंडाळून तंदूरपासून हातभर अंतरावर ठेवा. दह्याचंही तेच. पुरणपोळी मात्र उत्तम होते, कारण तूप घरचं असतं. संक्रांतीला तिकडे साजा म्हणतात. त्या दिवशी घरोघरी तुपाची खिचडी होते. आम्ही त्या पंगतीत तिळगूळ वाटतो. ‘गोड बोला’चा अर्थ ताईच्या सासूबाईंना इतका आवडला की आता त्या शेजारणींनाही तिळगूळ देताना मराठीतच म्हणतात.

संक्रांतीनंतर काही गावांत मोठ्याने बोलू देत नाहीत, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि ते मनापासून पाळा. मनालीजवळच्या गोशाल आणि आसपासच्या गावांची श्रद्धा अशी की मकर संक्रांतीला त्यांचे देव स्वर्गाच्या सभेला जातात. गौतम ऋषी, व्यास ऋषी आणि नाग हे तिथले देव. मग ४२ दिवस देऊळ बंद. घंटा वाजत नाही, टीव्ही-रेडिओ बंद, फोनचा आवाज बंद, शेतात कुदळ पडत नाही. देवळाच्या जमिनीवर माती लिंपलेली असते. देव परतल्यावर ती उघडतात आणि तिच्यात काय सापडलं यावरून वर्ष कसं जाईल ते सांगतात. दाजींच्या आत्या गोशालला असतात. आम्ही त्या दिवसांत गेलो तेव्हा मुलांना आधी समजावून नेलं होतं. कुणाला दटावावं लागलं नाही. खाली बियास नदीचा आवाज आणि वर छपरावरून घसरणारा बर्फ, एवढंच ऐकू येत होतं. आमची धाकटी, एरवी क्षणभर गप्प न बसणारी, आत्यांच्या मांडीवर डोकं ठेवून तासभर तेच ऐकत होती. फेब्रुवारीच्या आसपास फागली हा मुखवट्यांचा उत्सव होतो. त्याचं बोलावणं आलं तर सोडू नका.

मुलांची काय काळजी घ्यावी?

हातमोजे ओले झाले की लगेच बदला. लोकरीचे हातमोजे बर्फात भिजतात, म्हणून बाहेरून पाणी न झिरपणारे घ्या. उन्हात बर्फ लखलखतो, डोळे दुखतात आणि गाल भाजतात. गॉगल आणि मलम दोन्ही हवं. छपराच्या कडेखाली खेळू देऊ नका, साठलेला बर्फ एकदम खाली येतो. बाकी त्यांना मामे-मावस भावंडांच्या ताब्यात द्या. ती मुलं तिथेच वाढलेली असतात, कुठली वाट घसरडी ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आई-बाबांना न्यावं का?

न्यावं, पण डॉक्टरांना विचारून. थंडीत रक्तदाब वाढतो. हृदयाचा त्रास असलेल्यांनी हौसेनेही फावडं हातात घेऊ नये. औषधं ठरल्या दिवसांपेक्षा दहा दिवसांची जास्त न्या. काठीला टोकदार लोखंडी नाळ लावून घ्या. रात्री उठावं लागत असेल तर स्वच्छतागृहाजवळची खोली आधीच मागून घ्या, यजमानांना त्याचं काही वाटत नाही.

स्वतःची गाडी चालवावी का? अटल बोगद्यापलीकडे जाता येईल का?

३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेला हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा लाहौलला हिवाळ्यात जगाशी जोडून ठेवतो. पण त्याच्याकडे जाणारा रस्ता बर्फातूनच जातो. बर्फ पडला की पोलीस फोर बाय फोर सोडून बाकीच्या गाड्या खालीच थांबवतात. डिसेंबर २०२४ मध्ये नाताळच्या तोंडावर सोलंग ते बोगदा या पट्ट्यात हजाराच्या आसपास गाड्या अडकून पडल्या होत्या. त्यांत लहान मुलं होती. पोलिसांनी अडवलं तर हुज्जत घालू नका, परत फिरा.

मैदानातल्या चालकाने तिथे गाडी चालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पहाटे आणि संध्याकाळनंतर रस्त्यावर काचेसारखा पातळ थर धरतो, तो दिसत नाही. ब्रेक दाबला की गाडी आपली राहत नाही. ती नुसती उभी करून ठेवायची असेल तर हँडब्रेक ओढू नका, तो गोठून अडकतो. गिअरमध्ये ठेवा आणि चाकामागे दगड लावा. फिरायचं असेल तर स्थानिक चालक घ्या.

फार लांब जायची गरजही नाही. १५५३ सालचं हिडिंबेचं लाकडी देऊळ देवदारांच्या बनात आहे. नग्गरला जुना गढीवजा वाडा आहे, आणि १९२८ ते १९४७ तिथे राहिलेले रशियन चित्रकार निकोलाय रोरिख यांचं घर. त्यांच्या चित्रांतला निळा रंग खोटा वाटत असेल तर जानेवारीत संध्याकाळी पाच वाजता त्याच अंगणात उभं राहा.

वीज गेली तर?

जाते. मोठ्या बर्फात झाडं तारांवर पडतात आणि दोन-तीन दिवसही लागू शकतात. मेणबत्त्या, बॅटरी, पॉवर बँक जवळ हवी. थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, तो आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा.

एवढ्या बर्फाचा त्यांना कंटाळा येत नाही का?

शारीरिक त्रास होतो, वैताग येतो. पण बर्फ नको असं मी तिथे एकाही बागायतदाराच्या तोंडून ऐकलं नाही. सफरचंदाच्या जुन्या जातींना वसंतात नीट फुलायला हिवाळ्यात सात अंशांखालची हजार तासांहून जास्त थंडी लागते. शिवाय बर्फ सावकाश वितळतो आणि पाणी मुळांपर्यंत मुरतं. पावसाचं पाणी उतारावरून वाहून जातं. आपल्याकडे मृग कोरडा गेला की शेतकऱ्याचा चेहरा जसा होतो, तसा दाजींचा चेहरा कोरड्या जानेवारीत होतो. खालच्या भागातल्या काही बागा आता डाळिंब आणि कमी थंडीच्या जातींकडे वळल्या आहेत. जेवताना याच विषयावर रोज बोलणं होतं.

परत येताना काय आणावं?

राजमा, अक्रोड आणि घरच्या माळ्यावर गवतात ठेवलेली सफरचंदं. शाल घ्यायची तर विणकरांच्या सहकारी संस्थेच्या दुकानातून घ्या. भुट्टी विणकर संस्था १९४४ पासून आहे. रस्त्यावर ‘असली पश्मिना’ म्हणून जे स्वस्तात मिळतं त्यावर पैसे घालवू नका.

आणि बर्फ पडलाच नाही तर?

तर बागेत काम करा. तो छाटणीचा हंगाम असतो. दाजी झाडावर चढून फांद्या कापतात, मुलं त्या गोळा करतात, आम्ही मोळ्या बांधतो. झाडाभोवती आळं करून शेणखत घालायचं असतं. त्याला ते तौलिया म्हणतात. बियासच्या डाव्या तीरावर, म्हणजे ताईच्या बाजूला, ऊन दुपारी उशिरापर्यंत टिकतं, तेवढ्या वेळात बरंच उरकतं. मागच्या खेपेला आम्ही अकरा दिवसांत बर्फ पाहिला तो फक्त समोरच्या डोंगरावर, पण सव्वीस झाडांची आळी केली. माझ्या मुलाने त्यातल्या एका झाडाला स्वतःची जुनी लाल मफलर बांधून ठेवली आहे. ते झाड कधी फुलतं ते ताई एप्रिलमध्ये फोन करून सांगणार आहे.